भैरोबाच्या गालावरचा आकडा

सावरदऱ्यात नव्या सुनेला भांडं घासता येत नसलं की तिची सासू म्हणायची, "जा, गुरवाच्या रतनबाईच्या ओट्यावर चार दिवस बसून ये." जामखेडपासून सात मैलांवरचं हे गाव. रतनबाईचं घर भैरोबाच्या देवळाच्या पाठीशी होतं, आणि ओट्यावर ती घासून पालथी घातलेली भांडी सकाळच्या उन्हात अशी चमकत की वाटेने जाणारा बैल बुजायचा, असं लोक थट्टेने सांगत.

रतनबाईचं माहेर कोपरगावकडचं, गोदावरीच्या काठचं. तिथे भांडी नदीवर न्यायची, वाळूने खसाखसा घासायची आणि वाहत्या पाण्यात बुचकळायची. सतराव्या वर्षी ती लग्न होऊन सावरदऱ्याला आली. तेव्हा तिच्या सासूने, आक्काबाईने, पुढ्यात भांड्यांची रास ठेवली आणि शेजारी पाण्याचा एक तांब्या ठेवला.

"आत्याबाई, येवढ्या पान्यात समदी?"

"व्हय, समदी. आन उरलं तर तुळशीला घाल."

त्या दिवशी ती रडली. पण वर्षभरात तिने असं तंत्र बसवलं की पाणी खरंच उरायला लागलं. तांब्याला चिंच आणि मीठ, पितळेला चिंच आणि चाळलेली राख, लोखंडी कढईला विटकरीची पूड, आणि चांदीला फक्त रिठ्याचं कोमट पाणी आणि जुन्या धोतराची मऊ चिंधी. चांदीला राख लावायची नाही, वाळू लावायची नाही, नखसुद्धा लावायचं नाही. हे सासूने तिला पहिल्याच वर्षी हात धरून बजावलं होतं. एवढं का बजावते, हे रतनबाईने कधी विचारलं नाही. घरात चांदीची वस्तू एकच होती, आणि तीही घरची नव्हती. भैरोबाचा मुखवटा.

हा मुखवटा वर्षभर देवळातल्या पेटीत तांदळांवर उताणा ठेवलेला असे. चैत्र वद्य अष्टमीच्या यात्रेला तो बाहेर निघे, पालखीत बसे, गावभर फिरे आणि पुन्हा पेटीत जाई. यात्रेच्या दोन दिवस आधी तो उजळण्याचं काम गुरवाच्या घरच्या बाईचं. डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्याने बसायचं, मुखवटा पाटावर ठेवायचा आणि रिठ्याने पुसायचा. एक गोष्ट मात्र कुणीच करायची नाही. देवाला पालथं घालायचं नाही. मुखवटा उचलायचा तो दोन्ही हातांनी, तोंड आभाळाकडे ठेवून. त्याच्या आतल्या बाजूला राळ भरून वर कापड चिकटवलं होतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आत डोकावून कुणी पाहिलं नव्हतं. रतनबाईने बावीस वर्षं हा नियम पाळला होता. तिला तो देवाइतकाच जुना वाटत होता.

एकोणीसशे त्र्याहत्तर सालचा चैत्र आला तो कोरडाच. दुष्काळाचं वर्ष. दिवाळीपासून रतनबाई सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. तळहाताला फोड आले होते, पण यात्रा व्हायचीच होती. अष्टमी बुधवारी होती. सोमवारी, तेवीस एप्रिलला, तिने कामावर खाडा केला, अंघोळ केली आणि ओलेत्याने ओट्यावर बसली. तिचा नवरा गोरक्षनाथ लाल फडक्यात गुंडाळलेला मुखवटा घेऊन आला. त्याने तो पाटावर ठेवला आणि तो जरा घाईनेच मागे सरला.

रतनबाईने फडकं बाजूला केलं आणि तिचा हात हवेतच राहिला.

देवाच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली, काळ्याभोर शाईने आकडा लिहिला होता. सतरा. बोटभर जाडीच्या रेघा. एकाचं शेपूट मिशीपर्यंत आलेलं.

"ह्ये काय?"

गोरक्षनाथ डोकं खाजवायला लागला.

"आवो, मी काय इचारते? द्येवाच्या तोंडावं ह्ये कुनी केलं?"

"वरडू नगंस. शनिवारी नगरहून कारकून आल्ता ना, देवळातल्या चीजवस्तूंची यादी कराया. तू कामावं हुतीस. समया, घंटा, ताम्हन, समद्यांवं आकडे टाकले त्यानं. बुडाला टाकले. मुखवट्याचं बी बुडालाच टाकतो म्हनला."

"मंग?"

"मंग मी म्हनलं, द्येव पालथा घालता येत न्हाई. त्यो म्हनला, आकडा तर टाकाया पायजेच. मीच म्हनलं, कानामागं टाका. तिथं त्याचं ते पेन बसंना, लई जाड. बाहेर जीप भोंगा वाजवाया लागली, त्यानं गडबडीनं गालावं वढलं. मला वाटलं, शाई हाय. पान्यानं जाईल."

"तुमाला वाटलं!"

"आता तू उजळनारच हुतीस की."

ते पेन साधं नव्हतं. दुष्काळी कामं बघायला आलेल्या कुण्या परदेशी पाहुण्याने ते कारकुनाला भेट दिलं होतं. दुधाच्या भुकटीच्या पत्र्याच्या डब्यांवर खुणा करायचं पेन. झाकण काढलं की नाकाला झोंबणारा वास येई. कारकुनाचं नाव शामकांत. स्वभावाने भिडस्त, आणि नव्या पेनाचं कौतुक असलेला.

रतनबाईने रिठ्याच्या पाण्यात चिंधी भिजवली आणि आकड्यावरून फिरवली. फेस पांढराच राहिला. पुन्हा फिरवली. आकडा धुऊन निघाल्यासारखा उलट जास्तच उठून दिसू लागला. तिने लिंबू चोळलं. चिंच चोळली. मग चुलीजवळची रॉकेलची बाटली आणून चिंधीचं टोक भिजवलं. रॉकेलने रेघ जराशी हलली, पण निघाली नाही. ती पसरली. सातच्या पोटात आणि भोवताली निळसर काळा डाग उमटला. कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा देवाचा गाल दिसायला लागला.

गोरक्षनाथ ते पाहून भिंतीला टेकला. "अगं, उद्या पंच येनार हायेत द्येव बघाया. पुंजाराम पाटील येनार. त्यास्नी काय दावू मी?"

"मला काय इचारता? तुमीच बोट करून दावलं ना, हितं लिवा म्हनून?"

"कायबी कर, पन ह्ये काढ," असं म्हणून तो पाण्याच्या टँकरची चौकशी करायला निघून गेला. खरं तर त्याला तिथे थांबवत नव्हतं.

ओटा रिकामा झाला. आत आक्काबाई बाजेवर पडली होती, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. रतनबाई बराच वेळ त्या गालाकडे बघत बसली. मग उठली, कोपऱ्यातल्या डब्यातली विटकरीची पूड घेतली, वस्त्रगाळ केली आणि देवाला हात जोडून म्हणाली, "बावीस वरसात एकडाव. माफ कर." तिने चिमूटभर पूड ओल्या चिंधीवर घेतली आणि एकावरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

शाई निघत होती. तिला हायसं वाटलं. एकाचं डोकं गेलं, दांडा फिका झाला. तिने जोर वाढवला. तिच्या हाताला खडी फोडायची सवय झाली होती, जोर किती लागतो हे तिचं तिला कळलं नाही. चिंधी बाजूला करून पाहिलं, तर गालावर अंगठ्याएवढा लाल ठिपका होता.

रक्त! चिंधी गळून पडली. देवाच्या गालाची साल काढली आपण, एवढंच तिच्या मनात आलं आणि ती पाटापासून मागे सरकत, तांब्या कलंडवत भिंतीशी गेली. ओल्या लुगड्यात तिला हुडहुडी भरली. बाहेर चैत्राचं ऊन तापलेलं होतं.

थोड्या वेळाने ती गुडघ्यांवर पुढे आली. ठिपका वाहत नव्हता. उन्हात चमकत होता. तिने बोट लावलं. कोरडं, गार. आणि तो रंग तिच्या रोजच्या ओळखीचा होता. दर सकाळी चिंचेने घासून ती हाच रंग ओट्यावर ओळीने मांडून ठेवायची.

तांबं.

चांदीच्या देवाच्या आत तांबं होतं. वरची चांदी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याइतका पत्रा. गावात लग्नं या देवाला साक्षी ठेवून होत. शपथा याच्यावर हात ठेवून घेत. शनिवारीच त्या कारकुनाने तागडीत तोलून वहीत लिहिलं होतं, मुखवटा एक, चांदीचा. आणि हा देव इतकी वर्षं कुणाच्या घरात उजळला जात होता? कुणाच्या हातात पेटीची किल्ली होती? उद्या पाटील हा गाल बघेल आणि गोरक्षनाथला एकच प्रश्न विचारेल. आमची चांदी कुठे विकलीस?

"रतन, काय गं पडलं?" आक्काबाई चाचपडत उंबऱ्याशी आली होती.

"आत्याबाई, गालाला ईट लावली मी."

म्हातारी उभी होती ती मटकन खाली बसली. "काय लावलंस?"

"ईट. आन आतून तांबं निघालं."

आक्काबाई ओरडेल, शिव्या देईल, देवाचा कोप म्हणून ऊर बडवेल, अशी रतनबाईला भीती होती. म्हातारीने यातलं काहीच केलं नाही. तिने हात पुढे केला, बोटांनी मुखवट्याचा गाल शोधला आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "माजे तोडे."

"काय?"

"ही चांदी माज्या पायातल्या तोड्यांची हाय. म्हनून तर सांगत हुते, नख लावू नगंस."

आणि चोपन्न वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट म्हातारीने भरदुपारी ओट्यावर बसून सुनेला सांगितली. एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या साथीत अर्धं गाव गेलं, त्याच्या पुढच्या वर्षीची यात्रा. तेव्हा देवाला अंघोळीला गावाखालच्या डोहावर न्यायची रीत होती. आक्काबाईचा नवरा आसाराम तेव्हा विशीतला. बाप साथीत गेलेला, सेवा नुकतीच अंगावर आलेली. पहाटे एकटाच मुखवटा घेऊन डोहात उतरला. शेवाळावरून पाय सरकला आणि देव हातातून सुटला. डोह पाच पुरुष खोल. आसारामने बुड्या मारल्या, नाकातून रक्त येईपर्यंत मारल्या. देव हाती लागला नाही. त्या वर्षी अजून घरोघरी दुखवटा होता, यात्रा मोठी झालीच नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या चैत्राच्या आत त्याने बायकोचे तोडे घेतले, संगमनेर गाठलं, एका तांबटाकडून तांब्याचा मुखवटा घडवून घेतला आणि सोनाराकडून वर चांदी चढवून आणली.

"आन कुनाला कळलं न्हाई?"

"ज्यास्नी द्येवाचं तोंड जवळून ठावं हुतं ते म्हातारे साथीत गेलते. बाकीच्यास्नी पालखीत फुलांआडचंच काय ते दिसायचं. मंग ह्यांनी सांगितलं, द्येव सपनात आला, म्हनला, डोहावं नेऊ नगा. दुसऱ्या खेपेला म्हनला, मला पालथा घालू नगा."

"म्हंजे ही रीत... मामंजींनी?"

"आतलं तांबं दिसू ने म्हनून."

बावीस वर्षं. बावीस वर्षं ती मुखवटा तोंड वर करून उचलत आली होती, मनगटं दुखून येत तरी. परवा तिचा नवराही त्याच नियमाला जागला, म्हणून आकडा बुडाला न पडता गालावर पडला.

गोरक्षनाथ परत आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या. त्याला सांगताना आक्काबाईचा आवाज अजिबात हलला नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

"माज्या बापानं?" तो म्हणाला. "आये, मी पंधरा वरसं द्येवाचं करतोय. मला तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तुज्या हाताला कापरं भरलं असतं."

"आता भरलंय ना!" तो उठला, बसला, पुन्हा उठला. "शेंदूर लावू. गालावं शेंदूर लावू, काय दिसत न्हाई."

"परवा समद्या गावाम्होरं दुधानं अंघोळ घालायची हाय," रतनबाई म्हणाली. "शेंदूर किती दम धरल?"

"मंग तू सांग, काय करू?"

तिला सुचत नव्हतं. पण एक गोष्ट तिला दिसत होती. "आज आपन सांगितलं तर ती मामंजींची चूक. उद्या लोकास्नी घावलं तर ती तुमची चोरी. सरकारच्या वहीत चांदी लिवलीय. इचारनार तुमालाच."

"आन सांगून कोन इस्वास ठेवनार? म्हातारी लेकासाठी बनवून सांगती म्हनतील."

मुखवटा लाल फडक्यात गुंडाळला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला पुंजाराम पाटील तीन पंचांना घेऊन आले. साठीचे, पांढऱ्या मिशांचे, मोजकं बोलणारे. ते ओट्यावर टेकतात न टेकतात तोच फाट्याकडून सायकल हाणत कारकून शामकांत आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पिशवीत कापूस आणि एक निळी बाटली.

"पाटील, माफ करा," तो धापा टाकत म्हणाला. "माझ्याकडून फार मोठी चूक झाली. काल घरी आमच्या स्टीलच्या डब्यावर त्या पेनाने नाव घातलं. मंडळींनी साबण लावला, राख लावली, अक्षर ढिम्म हललं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण देवाच्या तोंडावर काय करून ठेवलंय. रात्रभर डोळा लागला नाही. कंपाउंडरला विचारलं, तो म्हणाला, स्पिरिटने जाईल."

"द्येवाच्या तोंडावं काय केलंत तुमी?" पाटलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

रतनबाईने फडकं सोडलं, पण गालाचा लाल भाग पदराखाली झाकून धरला. सात तेवढा दिसत होता, भोवती रॉकेलचा डाग.

"आरं द्येवा!" एक पंच उभाच राहिला. "भाऊसाहेब, ह्यो काय पोस्टाचा डबा हाय?"

शामकांतने मान खाली घालून कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. आकड्यावर क्षणभर टेकवला आणि अलगद टिपला. बोळा काळा झाला. दुसरा घेतला, तोही काळा झाला. तिसऱ्या बोळ्याला सात नव्हता, डाग नव्हता. खाली चांदी होती तशी शुभ्र, एक ओरखडा नाही.

रतनबाई ते पाहत होती. तीन बोळे. घोटभर स्पिरिट. तिने विटकरीची पूड घेतली नसती, एक दिवस, एकच दिवस थांबली असती, तर आक्काबाईची गोष्ट आक्काबाईबरोबर गेली असती.

"पदर काढा बाई, एक राहिलाय ना अजून," शामकांत म्हणाला.

गोरक्षनाथने तिच्याकडे पाहिलं. नको, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

रतनबाईने पदर काढला. आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने दोन्ही हातांनी देव उचलला आणि पाटावर पालथा घातला.

"ए बाई!" पाटील ताडकन उठले. दोन पंचांनी कानांवर हात ठेवले. गोरक्षनाथने डोळे मिटून घेतले.

तिने कडेचं जुनं कापड नखाने उचकटलं, तोडून बाजूला टाकलं. राळेचा एक टवका उडाला. आत लालसर, काळवंडलेलं तांबं दिसलं.

"भाऊसाहेब, वही काढा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चांदी खोडा. तांबं लिवा. वरनं चांदी चढिवलेली, ती माज्या सासूच्या तोड्यांची."

शामकांतच्या हातातली बाटली कलंडली. स्पिरिटचा वास ओट्यावर पसरला.

आक्काबाईने उंबऱ्यात बसून डोहाची सगळी गोष्ट पंचांना सांगितली, आणि मग एकदम सगळे बोलायला लागले. आसाराम गुरवाने देव विकला म्हणाले. गोरक्षनाथने विकला आणि मेलेल्या बापावर ढकलतोय म्हणाले. पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि आक्काबाईसमोर खाली बसले.

"आक्का, तू सांगतीस ते खरं कशावरनं धरू?"

"माज्यावं इस्वास ठेवू नगंस," म्हातारी म्हणाली. "डोहावं ठेव."

"म्हंजे?"

"पुंजा, तुज्या उभ्या जल्मात डोह आटलेला पाह्यलास का कवा?"

पाटील थबकले. डोह आटल्याचं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. यंदा, फाल्गुनातच, तो आटला होता. पंधरा दिवसांपासून तिथे सरकारी कामावर गाळ काढणं चालू होतं. पण ते पलीकडच्या टोकाला.

आक्काबाईला बाजेसकट चौघांनी उचलून डोहावर नेलं. तिथे तिने डोळे मिटले आणि विचारलं, "उंबर हाय का अजून?" होता. "त्याच्या मुळीपासून खडकाच्या पोटाला लागून खना." मुकादमाने माणसं वळवली. चाळीस जणांच्या कुदळी आणि घमेली तिथे सरकली. रतनबाईही पदर खोचून उतरली. वरचा गाळ भेगाळलेला, त्याखाली ओलसर, त्याखाली काळा लोण्यासारखा. दुपार झाली. कुणी भाकरी खाल्ली नाही. पाटील काठावर काठी टेकून उभे होते. गोरक्षनाथ खणत नव्हता. तो नुसता बायकोच्या कुदळीकडे बघत बसला होता. सापडलं नाही तर उद्या पालखीला हात लावायची सोय उरणार नव्हती, आणि चोरीच्या आळापुढे ते तर सगळ्यात हलकं होतं.

चारच्या सुमाराला भागूबाई नावाची गाळ उपसणारी बाई ओरडली, "आगं, ह्ये काय? कुनाचा तवा?"

तवाच वाटला. काळा ठिक्कर, एका कडेने चेपलेला. रतनबाईने तो हातात घेतला. तव्यापेक्षा वजन जास्त लागलं. तिने तो उंबराखाली आणला. पाटलांच्या घरून घागरभर पाणी आलं, रिठे आले. गाळ धुतला, रिठ्याची तीन पाणी झाली. काळं सुटेना. चौथ्या पाण्याला कपाळाचा एक कोपरा उजळला. पांढरा. तिने पाठीमागून पाहिलं. आतूनही पांढरा.

"चांदी," ती म्हणाली. "अंगची चांदी."

गोरक्षनाथ तिथेच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. बापाने विकला नव्हता. पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गोरखा, उद्या पालखी तुज्याच हातानं. उठ."

लोक पुढे सरकले. रतनबाई चेहरा पुसत होती. डोळे उघडे पडले, मग नाक, मग तोंड. आणि गर्दी सरकली होती तशीच थांबली.

गावाचा भैरोबा शांत होता. झुबकेदार मिशा, मिटलेले ओठ, मंद हसणारा. लोकांनी त्रेपन्न वर्षं त्याच्याकडे पाहून नवस बोलले होते. हे तोंड निराळं होतं. मिशा नव्हत्या. जबडा उघडा, त्यातून दोन सुळे बाहेर आलेले. डोळे गोटीसारखे वाटोळे, कुणावर तरी धावून येत असल्यासारखे. पुढच्या बाईच्या कडेवरचं पोर किंचाळून रडायला लागलं. कुणाचेच हात जोडले गेले नाहीत.

"ह्यो... कोन?" पाटील म्हणाले.

तांबटाला आसारामने देव तोंडाने सांगितला असणार, आणि तांबटाला जमला तसा त्याने घडवला असणार. हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. पण कळूनही पाय पुढे पडेनात. एक पंच हळूच म्हणाला, "आपला त्यो गुरवाच्या वट्यावं हाय." त्यावर बऱ्याच माना हलल्या.

शामकांतने वही उघडली. दुसऱ्या हाताने त्याने खिसा चाचपला तेव्हा पाटील म्हणाले, "भाऊसाहेब, त्ये पेन तेवढं खिशातच ऱ्हाऊ द्या."

"शिसपेन्सिल आहे, पाटील." त्याने लिहिलं, अठरा, मुखवटा एक, चांदीचा. मग थांबला. "रकान्यात देवाचं नाव घालायचं असतं. सतराला भैरोबा घातलंय. याला काय घालू?"

पाटलांनी रतनबाईकडे पाहिलं. ती काय सांगणार? रिठ्याचा फेस सुकत चाललेले हात तिने त्या तोंडापासून दूर धरले होते. बावीस वर्षं देव उजळत आलेल्या बाईला या डोळ्यांत बघायची छाती होत नव्हती.

तेवढ्यात बाजेवरून आक्काबाईचा हात पुढे आला. बोटं चेपलेल्या गालावरून, नाकावरून फिरली, उघड्या जबड्यात शिरली आणि सुळ्यांवर थांबली. म्हातारी पुढे झुकली आणि तिने कपाळ त्या चांदीला टेकवलं. तिला धरून सावरायला रतनबाई खाली बसली तेव्हाही आक्काबाईने कपाळ उचललं नाही.

"यात्रा झाल्यावं बघू भाऊसाहेब," पाटील अखेर म्हणाले. "रकाना मोकळा सोडा. इचारून घेऊ."

"कुणाला विचारणार?"

पाटलांनी काठावरच्या माणसांकडे पाहिलं. त्या सगळ्यांत आक्काबाईइतकं वय कुणाचंच नव्हतं, आणि हे तोंड आधी जवळून पाहिलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.